आसाचे आयुष्य

‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण आपण सारेच हसत हसत वापरतो. मोठ्या माणसाच्या पाठीमागे लागून फुकटात काशी करून येणाऱ्याला ती चपखल लागू पडते. पण हा नळा म्हणजे काय, असे या दिवाळीत घरी जमलेल्या मुलांना एकदा विचारून पाहा. मी विचारले, तेव्हा माझ्या नातीने पाण्याचा नळ सांगितला आणि तिच्या भावाने छपराचे नळे. त्यांचा काही दोष नाही. ज्या वस्तूची ही म्हण आहे, ती त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी घराबाहेर गेली.

नळा म्हणजे बांबूचे वीत-दीड वीत लांबीचे एक पेर. त्यात वंगण भरायचे. आमच्या घरी ते एरंडीच्या तेलात जाळलेल्या चिंध्यांची काजळी कालवून करीत. त्यात एक काडी खोचलेली असायची आणि हा नळा सुतळीने बैलगाडीच्या पोटाखाली टांगलेला असायचा. गाडी पंढरपूरला गेली की तोही लोंबकळत पंढरपूरला जायचा. म्हण करणाऱ्याला तेवढेच दिसले. मला मात्र या वयात असे वाटू लागले आहे, की नळ्यावर यात मोठा अन्याय झाला आहे. गाडी नळ्याला यात्रेला नेत नव्हती; नळा होता म्हणून गाडी यात्रेला पोचत होती. आज त्या नळ्याची आणि त्यातले वंगण ज्याच्या पोटी जाई त्या आसाची हकीकत सांगावी असा विचार आहे.

आस म्हणजे गाडीची दोन चाके ज्या आडव्या दांड्यावर फिरतात तो दांडा. कोणी त्याला आख म्हणतात, कोणी कणा. संस्कृतातला ‘अक्ष’ तो हाच. आणि पृथ्वी ज्याभोवती फिरते असे भूगोलात शिकवतात, तोही याच नावाचा. बैलगाडीचा आस स्वतः फिरत नाही. तो साट्याखाली घट्ट बसवलेला असतो. सगळा भार त्याच्या दोन टोकांवर येतो आणि त्या टोकांवर चाकाचा तुंबा फिरतो. तुंब्यात आरे, आऱ्यांवर पुठे, पुठ्यांवर लोखंडी धाव, आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला आडवी खीळ. एवढाच तो संसार. सारे वजन आसाच्या खालच्या अंगावर दाबते, म्हणून आस झिजतो तो खालूनच. आमच्या गावचा खाती काही वर्षांनी आस काढून उलटा करून बसवी. खालची झिजलेली बाजू वर, वरची कोरी बाजू खाली. म्हणजे एका लोखंडाला दोन जन्म मिळत.

आपल्या जुन्या ग्रंथकारांचे या आसाकडे बारीक लक्ष होते. दशरथाच्या रथाचा आस युद्धात मोडू लागला तेव्हा कैकेयीने आपला हात घालून रथ सावरला आणि दोन वर मिळवले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या एका आसापायी पुढचे सारे रामायण घडले! पण याहून मला नवल वाटते ते चरकसंहितेचे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरूला विचारतो, की मृत्यू काळी येतो आणि अकाली येतो, याचा अर्थ काय समजावा? तेव्हा आत्रेय मुनी दृष्टांत देतात तो गाडीच्या आसाचा. चांगल्या लाकडाचा, चांगला घडवलेला आस नीट चालवला तर आपल्या मापाने झिजत झिजत आपल्या वेळी संपतो. तो त्याचा काळी मृत्यू. पण तोच आस भार जास्त झाल्याने, वाट खाचखळग्यांची असल्याने किंवा वाटच नसल्याने, चाक मोडल्याने, हाकणाऱ्याच्या किंवा ओढणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न मिळाल्याने, गाडी उलटल्याने मध्येच मोडतो. तो अकाली मृत्यू. वैद्यकाचा ग्रंथ, पण गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी ही यादी आहे. ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आमच्या मुलखाकडे वळू. बुलढाणा जिल्हा दोन मजल्यांचा आहे. ‘घाटावर’ म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा; ‘घाटाखाली’ म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव आणि पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कडा. तिच्यावरून राजूरच्या घाटाने मलकापूरकडे आणि बोथ्याच्या घाटाने खामगावकडे उतरायचे. काळी जमीन कापसाला जितकी माया लावते तितकीच चाकाला वैरीण. पावसाळ्यात तुंब्यापर्यंत चाक रुतते. म्हणून गाड्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा.

पूर्वी वऱ्हाडचा माल गाडीवर थोडा आणि बैलाच्या पाठीवरच फार जाई. वंजाऱ्यांचे तांडे अमरावतीकडचा कापूस पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. १८२५-२६ साली व्हिकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी रवानगी केली, ती पाचशे बैलांच्या पाठीवर. वजन एक लाख वीस हजार पौंड. म्हणजे बैलामागे दोनशे चाळीस पौंड. बैल पाठीवर वाहतो त्याच्या कितीतरी पट गाडीला जुंपल्यावर ओढतो, हे काही त्या व्यापाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण गाडीला वाट लागते, आणि त्या वाटेवर टिकेल असा आस लागतो. तिकडे पुण्या-सोलापूरकडे तर जुन्या गाड्यांची चाके भरीव, काही ठिकाणी चक्क दगडाची असत. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला सुधारलेल्या हलक्या गाड्या करण्याचा कारखाना काढला, आणि हळूहळू आऱ्यांच्या चाकांची गाडी त्या भागात शेतकऱ्याच्या दारी आली.

मग एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. १८५३ च्या एप्रिलात मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच महिन्यात निजामाने तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरला भिडला. खामगाव मात्र मुख्य मार्गापासून सुमारे आठ मैल बाजूला राहिले होते. कापसाच्या पेठेला हे कसे परवडावे? म्हणून जलंबहून खामगावपर्यंत फाटा टाकला, आणि १८७० साली त्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले.

शाळेत आम्हाला शिकवले, की आगगाडी आली आणि बैलगाडी मागे पडली. आमच्याकडे तसे झाले नाही. लांब पल्ल्याची वाट गेली, पण शेतापासून जिनापर्यंत आणि गावापासून स्टेशनापर्यंतची वाट उलट वाढली. घाटावरून, पूर्णाकाठावरून खामगावच्या पेठेकडे कापसाच्या गाड्यांची रीघ लागे. इतिहासात व्हाइसरॉयचे नाव राहिले. ज्या आसांवर तो कापूस पेठेत आला त्यांचे नाव कोण लिहून ठेवतो!

त्या रिघेत आमच्या घरची गाडी मी पाहिली आहे, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. सत्तर वर्षे होत आली, पण ती मी आजवर घरात कोणालाही दिलेली नाही.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. खामगाव आमच्या गावाहून नऊ-दहा कोस. संध्याकाळी भाकरी बांधून निघायचे, रात्रभर चालायचे, उजाडता पेठेत. निघण्याआधी वंगण देणे हे माझे काम. गाडीला टेकू द्यायचा, खीळ काढायची, चाक हातभर बाहेर ओढायचे, काडीने आसाला वंगण फासायचे आणि चाक परत आत लोटायचे. आजोबा चाक ओढून देत, बाकीचे मी करी. त्या संध्याकाळी आजोबा कापूस दाबण्यात गुंतले होते. एका चाकाला गड्याने हात दिला, त्याला मी वंगण दिले; दुसऱ्याच्या वेळी गडी बोलावण्यावरून गेला आणि मी विटीदांडू खेळायला पळालो.

मध्यरात्री डावे चाक कुरकुरू लागले. आजोबांनी विचारले, “दोन्ही चाकाइले देल्लं होतं ना रे वंगन?” मी ‘हो’ म्हणालो. अंधारात माझे तोंड त्यांना दिसले नाही. थोड्या वेळाने कुरकुरीचे किंचाळणे झाले. पुढे एका नाल्याच्या उतारात डाव्या बाजूचे आसाचे टोक मोडले, चाक सुटून गेले आणि गाडी कापसासकट कलंडली. जू मुरगळून डावा बैल खाली आला. तो पुढे चालू लागला, पण लंगडतच. जड गाडीला पुन्हा कधी जुंपता आला नाही.

सकाळी जवळच्या गावचा खाती आला. त्याने मोडलेले टोक हातात घेतले, अंगठा फिरवला आणि म्हणाला, “हा आज नाई मोडला मालक. हा दोन सालापासून मोडतच होता.” टोक खालून पार झिजले होते. आस उलटा करायला हवा होता, आणि आजोबांनी खर्चापायी दोन हंगाम ते पुढे ढकलले होते. म्हणूनच ते मला काही बोलले नसावेत. त्यांनी फक्त नळा सोडून हातात घेतला, आत पाहिले—तो अर्धा भरलेला होता—आणि परत टांगला. वंगण संपले नव्हते, दिले गेले नव्हते, हे त्यांना कळले होते. कापसाचा पैसा नवा बैल घेण्यात गेला. आत्याचे ठरलेले लग्न एक वर्ष पुढे गेले. आत्याने मला त्यावरून कधी दूषण दिले नाही. तिला ते माहीतच नव्हते.

खात्याचे ते वाक्य मी विसरलो नव्हतो. पुढे नोकरीच्या काळात वाचनाचा नाद लागला, तेव्हा तेच वाक्य मला दूरदेशीच्या आगगाड्यांच्या इतिहासात भेटले. आगगाडीचा आस आपल्या बैलगाडीसारखा स्थिर नसतो. चाके त्यावर घट्ट बसवलेली असतात आणि चाकांबरोबर तो सारा फिरतो. भाराने तो किंचित वाकतो. जो भाग वर असताना ताणला जातो तोच अर्ध्या फेऱ्याने खाली येऊन दाबला जातो. ताण, दाब, ताण, दाब, प्रत्येक फेऱ्याला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे त्यावर चढले, आग लागली, आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. दक्षिण ध्रुवाकडचे समुद्र धुंडाळून सुखरूप परतलेला द्युमाँ द्युर्व्हिल हा दर्यावर्दी त्यातच गेला.

लोकांना कोडे पडले, की काल ज्या भाराने मोडला नाही तो आस आज त्याच भाराने का मोडावा? स्कॉटलंडच्या रँकिन या तरुण इंजिनियराने पुढच्याच वर्षी मोडके आस तपासून दाखवले, की जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर जन्म घेते आणि आत आत सरकते. मग प्रशियाच्या रेल्वेतील व्होलर याने आसांना वर्षानुवर्षे लाखो फेरे देऊन पाहिले आणि सिद्ध केले, की एका दणक्याने मोडणार नाही असे लोखंडही लहान भाराच्या असंख्य फेऱ्यांनी मोडते. धातूही थकतो. त्याचा शेवटचा मोठा अहवाल निघाला १८७० साली. लॉर्ड मेयो खामगावला आले तेच ते साल. आमच्या खात्याने तो अहवाल अर्थातच पाहिलेला नव्हता. पण मोडलेल्या टोकावर अंगठा फिरवून तोही त्याच निकालाला आला होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. अमेरिकेत सेंट लुई शहरात घोडागाड्या बांधणारा हेन्री टिमकेन याने १८९८ साली निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. वंगणावर घसरणारा आस आता रुळांवर फिरू लागला, आणि ट्रकच्या चाकात आज जे बेअरिंग असते ते एका गाडीवाल्याच्या डोक्यातून निघालेले आहे. आपल्याकडे १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक होऊ लागले. बैलगाडीला रबरी धाव आली. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारण्याचा ध्यासच घेतला होता. तरी आमच्या घाटाखाली आता शेतमाल नेते ती पिकअप. सोयाबीन असो, कापूस असो, लग्नाचे वऱ्हाड असो, सगळे तिच्या पाठीवर.

या पिकअपच्या मागच्या आसात एक मौज आहे. हलक्या गाडीत फिरणारा दांडा चाकही फिरवतो आणि भारही वाहतो. म्हणजे दर फेऱ्याला ताण-दाब आलाच. चाकाचे किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे धरले, तर घाट चढून-उतरून दोनशे किलोमीटरच्या दिवसाला नव्वद हजार होतात! जड ट्रकमध्ये मात्र ही दोन कामे वेगळी केलेली असतात. बाहेरचे पोलादी नळकांडे, गॅरेजवाले ज्याला हौसिंग म्हणतात, ते सारा भार वाहते आणि स्वतः फिरत नाही. चाकाचा तुंबा दोन बेअरिंगांवर त्याच्याभोवती फिरतो. आतला दांडा फक्त चाक फिरवतो, भार वाहत नाही. तो काढून घेतला तरी ट्रक चाकांवर उभाच राहतो. पहिल्यांदा हे मला कळले तेव्हा मी थक्क झालो. भार वाहणारा, न फिरणारा आस आणि त्यावर फिरणारा तुंबा, म्हणजे आमच्या आजोबांचीच गाडी की! जगभर फिरून लोकांनी सर्वांत जड ओझ्यासाठी तीच युक्ती पत्करली होती.

गेल्या दिवाळीत मी गावी होतो. पुतण्याची पिकअप घाटावरून सोयाबीन आणत होती. मागच्या डाव्या चाकातून घूं घूं आवाज येतो हे मला बसल्या बसल्या ऐकू आले. डावे चाक! मी विचारले तर तो म्हणाला, “काका, आवाज येते, पण गाडी चालते ना. सुगी झाली की दाखोतो.” मी उठलो आणि चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवले. बोट काळे, तेलकट झाले. दुसऱ्या दिवशी तो राजूरचा घाट भरल्या गाडीनिशी उतरणार होता. मी सहसा त्याच्या धंद्यात बोलत नाही. त्या दिवशी मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि दिली नाही.

मिस्त्रीने चाक खोलले. हौसिंगवर हवा जायला एक लहानसे छिद्र असते. ते चिखलाने बुजले होते. आत तापलेल्या तेलाला वाट मिळेना, म्हणून त्याने कडेचे सील फाडून बाहेर वाट काढली. ते तेल ब्रेकच्या लायनरवर पसरले होते. आत तेल कमी पडल्याने बेअरिंग काळे पडून खवले सुटले होते. मिस्त्री बोटे मोडत पुतण्याला ऐकवू लागला: माल दुप्पट भरता, खड्ड्यात वेग आवरत नाही, नट कसून पाहत नाही, तेल बदलत नाही. मला हसू आले. अतिभार, विषम वाट, हाकणाऱ्याचा दोष, निसटलेली खीळ, वंगणाचा अभाव. आत्रेय मुनींची सारी यादी त्याने नांदुऱ्याच्या रस्त्यावर उभे राहून म्हणून दाखवली. पुतण्याने विचारले, आता काय काय सांभाळायचे? मिस्त्री म्हणाला, फार काही नाही. महिन्याला तेलाची पातळी, ते छिद्र आणि चाकाच्या आतली ओल पाहा. चाक वर उचलून हाताने हलवून बघा, हलले तर आणा. आणि आवाज आला की त्याच दिवशी या.

ऐन सुगीचे दोन दिवस बुडाले. पुतण्या माझ्यावर थोडा रागावला होता. रात्री जेवताना मी त्याला आणि मुलांना त्या विटीदांडूच्या संध्याकाळची गोष्ट सांगितली; ती पहिल्यांदाच. कोणी काही बोलले नाही. आत्या आता नाही, नाहीतर तिलाही सांगितली असती.

सकाळी नात माळ्यावरून काहीतरी घेऊन खाली आली. धुळीने भरलेले, एका बाजूने चिरलेले बांबूचे पेर होते. आत वंगण दगडासारखे घट्ट झाले होते आणि काडी त्यातच रुतून बसली होती. तिने विचारले, “आजोबा, हाच का तो यात्रेचा नळा?” मी हो म्हणालो. तिने तो अंगणात नेला आणि आपल्या भावाच्या मदतीने पिकअपच्या पोटाखाली सुतळीने बांधून टाकला. पुतण्याने तो पाहिला. पण काढला नाही.